बोलकी पाटी

श्रीरंग पेठकर भित्रा आहे असं त्याच्या तोंडावर कुणी कधी म्हटलं नाही, कारण आपल्या भीतीला त्यानं फार चांगलं नाव देऊन ठेवलं होतं. तो तिला नियम पाळणं म्हणायचा. हॅनोव्हरला येऊन त्याला आठ वर्षं झाली होती आणि या आठ वर्षांत त्यानं लाल दिव्यात एकदाही रस्ता ओलांडला नव्हता. अगदी रविवारी सकाळी सहा वाजता, दोन्हीकडे चिटपाखरू नसतानासुद्धा. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणं हे त्याचं पोटापाण्याचं काम, आणि तिथं या स्वभावाचं कौतुकच व्हायचं. घरी उल्का, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की हा माणूस उद्या चोरी करायला गेला तरी दाराशी बूट काढून ठेवेल.

अशा माणसानं आयुष्यात वाकडं म्हणता येईल असं एकच काम केलं होतं, आणि तेही मुलीसाठी.

स्वानंदी सात वर्षांची होती आणि बोलत नव्हती. तिला ऐकू यायचं, कळायचं, मराठीही आणि जर्मनही. पण शब्द तोंडापर्यंत येऊन माघारी जायचे. विम्यातून मिळालेला बोलका टॅब्लेट तिनं पहिल्याच आठवड्यात गॅलरीतून खाली सोडला. तिचा जीव होता तो एका खेळाच्या कन्सोलवर. निळं, दोन पडद्यांचं, डबीसारखं मिटणारं. ते तिच्या हातात असलं की ती शांत असायची, आणि ते काढून घेतलं की शेजारच्या इमारतीला कळायचं.

मग श्रीरंगनं ठरवलं की पोरीला त्यातूनच बोलतं करायचं.

आता ही यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा नियम साधा असतो: आम्ही मंजूर केलेलेच खेळ यात चालतील. पण जगात काही माणसं अशी असतात की कुलूप दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. ती कुठून तरी एखादी फट शोधून काढतात, त्या फटीतून स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम आत सरकवतात आणि त्याला होमब्रू म्हणतात. कंपनी अपडेट पाठवून ती फट लिंपते, ही मंडळी दुसरी शोधतात. या सगळ्या उद्योगात एकच सोवळं कडक पाळायचं असतं: अपडेटला कधीही हो म्हणायचं नाही. एकदा हो म्हटलं की फट बंद, आणि मागे फिरायची सोय नाही.

श्रीरंगनं सहा महिने खपून बोलकी पाटी लिहिली. खालच्या पडद्यावर चित्रं. चित्रावर बोट ठेवलं की वरून आवाज यायचा. मराठी आवाज उल्काचा, जर्मन आवाज शाळेतल्या बाईंचा. पुढे त्यानं एक सोय वाढवली. चित्रं एकापुढे एक लावून वाक्य करता यायचं आणि ते साठवून ठेवता यायचं. ही सोय स्वानंदीनं अशी उचलली की आईबाप बघत राहिले. दोन वर्षांत तिनं चारशेवर वाक्यं रचून साठवली होती. बस, मासा, नको, म्हणजे आज पोहायला जायचं नाही. दिवा, बाबा, चप्पल या वाक्याचा अर्थ लागायला श्रीरंगला तीन आठवडे लागले: बाबा, तू ऑफिसातून येतोस तेव्हा दिवे लागलेले असतात. काही वाक्यं तर अजून कळलीच नव्हती. ती रोज ऐकवायची आणि वाट बघायची.

दर थोड्या दिवसांनी कन्सोल विचारायचं, अपडेट करू का? खाली दोन बटणं. येट्स्ट, म्हणजे आत्ता, आणि श्पेटर, म्हणजे नंतर. स्वानंदीला ओळखता आलेला पहिला छापील शब्द श्पेटर होता. ती मान हलवून गंभीरपणे ते बटण दाबायची आणि मग बापाकडे बघायची. बाप अंगठा दाखवायचा.

इथवर सगळं ठीक होतं. पण अशी चीज आपल्यापुरती ठेवणं श्रीरंगला जमेना. आणखी कितीतरी घरांत अशी मुलं असतील, म्हणून त्यानं पाटी फुकट वाटायला वेबवर एक पान काढलं. फट कशी वापरायची याची सगळी कृती त्यावर चित्रांसकट दिली. आणि मग त्याचा स्वभाव आडवा आला. जर्मनीत नियम आहे की वेबवर पान काढलंत तर त्यावर इम्प्रेसुम हवं. म्हणजे मालकाचं खरं नाव, राहता पत्ता, फोन. या धंद्यातली अख्खी दुनिया टोपणनावाच्या बुरख्यात हिंडते. श्रीरंगनं मात्र खाली ठळक अक्षरांत लिहिलं: श्रीरंग पेठकर, लिंडन, हॅनोव्हर, तिसरा मजला, डावीकडे. होमब्रूवाल्यांच्या फोरमवरचे लोक हसून लोळले. त्यांनी त्याचं नाव हेर इम्प्रेसुम, म्हणजे श्रीयुत इम्प्रेसुम, ठेवलं. त्याला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

कळलं ते २०१६च्या नोव्हेंबरात. फोरमवर कुणीतरी लिहिलं की ब्रेमेनला एकाच्या घरी सकाळी पोलीस आले आणि कन्सोल, लॅपटॉप, वायरी, सगळं उचलून घेऊन गेले. खरं की खोटं, कुणाला ठाऊक नव्हतं. श्रीरंगला तेव्हापासून जेवण जाईना. कारण पाटीच्या शेजारी, कन्सोलच्या त्याच मेमरी कार्डावर, चोरून फुकटात उतरवलेले अकरा खेळ होते. पोरगी हट्टाला पेटली होती, एका संध्याकाळी त्यानं ते घेतले होते, आणि उल्कालाही ते माहीत नव्हतं.

त्यात शुक्रवार येत होता. शुक्रवारी सकाळी साडेनऊला आउसलेंडरबेहोर्डमध्ये, परदेशी लोकांच्या त्या कचेरीत, तिघांची कायम राहायच्या परवान्यासाठी भेट ठरली होती. परवाना मिळाला की स्वानंदीची शाळा पक्की, तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई पक्क्या. या बाईंनीच तिला पहिल्यांदा हसताना आवाज काढायला लावला होता. पोलिसांत नाव गेलं तर परवाना गेला, परवाना गेला तर शाळा गेली, असा श्रीरंगचा हिशेब होता आणि तो दिवसातून वीसदा हा हिशेब करायचा. पुण्यात अशी शाळा त्यानं शोधून पाहिली होती. तिथं स्वानंदीचं नाव यादीत चौऱ्याहत्तरावं लागलं असतं.

मंगळवारी तो घरून काम करत होता. मंगळवारी स्वानंदीच्या शाळेत पोहणं असायचं, म्हणून कन्सोल घरी, खिडकीपाशी चार्जरवर. अकराच्या सुमाराला बेल वाजली. तो मीटिंगमध्ये होता. उठेपर्यंत जिन्यात पावलं उतरून गेली. खाली जाऊन त्यानं पत्रपेटी उघडली आणि आत पिवळं पाकीट दिसलं.

जर्मनीत राहणाऱ्याला हा पिवळा रंग सांगावा लागत नाही. सरकारी पत्र पोचलं याचा पुरावा ठेवायचा असतो तेव्हाच ते अशा पाकिटातून येतं, आणि वर पोस्टमन स्वतःच्या हातानं तारीख घालतो. डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव होतं: आम्ट्सगेरिश्ट, हॅनोव्हर. न्यायालय.

जिन्याच्या कठड्याला धरून श्रीरंग वर आला, दार लावलं, कडी घातली, मग साखळीही घातली. मीटिंगमध्ये कुणीतरी त्याचं नाव घेत होतं. त्यानं लॅपटॉप मिटला.

उघडून बघावं इतकं साधं शहाणपण त्याला का सुचलं नाही, असं कुणीही विचारेल. पण त्याला आठवले ते कराडचे शिरीषकाका. काकांनी बांधाच्या भांडणात कोर्टाचं समन्स अकरा वर्षं हुकवलं होतं. बेलिफ आला की काका मागच्या दारानं मळ्यात, आणि काकू सांगायच्या, ते गावाला गेलेत. लहानपणी श्रीरंग त्यांच्याकडे सुट्टीला जायचा तेव्हा काका त्याला मांडीवर घेऊन सांगायचे की पाकीट फोडलं की गळ्यात पडलं, तोवर आपला काही संबंध नाही. नियमांच्या या देशात आठ वर्षं काढूनही ऐन वेळी त्याच्या मदतीला धावून आले ते काकाच. त्यानं पाकीट न उघडता फ्रिजवर ठेवलं, त्यावर डाळीचा डबा ठेवला आणि घड्याळ बघितलं. पोहणं आटोपलं की स्वानंदीला घेऊन उल्का चारला येणार होती. पाकीट आज आलं, म्हणजे माणसं उद्या येणार. तेवढ्यात घर स्वच्छ करायचं.

एकदा ठरल्यावर त्यानं ते काम जसं करायला हवं तसं केलं. आधी वेबवरचं पान पुसलं. मग लॅपटॉपवरची नक्कल, मग कपाटातल्या डिस्कवरची. नुसतं पुसून भागत नाही, पुसलेलं परत काढता येतं, हे त्याला नेमकं माहीत होतं. म्हणून त्यानं त्या जागेवर तीनदा निरर्थक आकड्यांचा कचरा लिहिला. हात सराईतपणे चालत होते. जिन्यात पाऊल वाजलं की तो थांबायचा. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई होत्या. पुन्हा पाऊल वाजलं, पुन्हा त्याच होत्या.

पाटी आणि स्वानंदीची वाक्यं मात्र त्यानं आधी एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. तेवढं भान होतं. पेनड्राइव्ह ऑफिसच्या खणात ठेवायचा, शुक्रवार पार पडू द्यायचा, मग एखाद्या जुन्या फोनवर पाटी पुन्हा उभी करायची. फार तर आठवडाभर पोरगी रडेल. असं स्वतःशी बोलत त्यानं कार्ड कोरं केलं.

आता उरलं कन्सोल. फट उघडी असलेलं यंत्र म्हणजे घरात सापडलेली किल्ल्यांची जुडी. त्यानं ते मांडीवर घेतलं. पडद्यावर नेहमीचा प्रश्न होता. डावीकडे येट्स्ट, उजवीकडे श्पेटर. श्पेटरच्या जागी पडद्यावर एक लहानसा गुळगुळीत डाग पडला होता, एकाच बोटानं दोन वर्षं दाबून दाबून. श्रीरंगनं येट्स्ट दाबलं. पट्टी भरायला अकरा मिनिटं लागली. मग कन्सोल स्वच्छ, कोरं, दुकानातून आणल्यासारखं उघडलं आणि त्यानं जर्मनमध्ये स्वागत केलं.

दीड वाजता पेनड्राइव्ह पँटच्या खिशात घालून तो खाली उतरला. ट्रॅमचा थांबा कोपऱ्यावर होता आणि थांब्याच्या अलीकडे काचेच्या बाटल्या टाकायच्या तीन टाक्या: पांढरी काच, तपकिरी, हिरवी. तो टाक्यांपाशी पोचला आणि समोरून गणवेशातली दोन माणसं येताना दिसली. एक बाई, एक पुरुष. बाईच्या हातात यंत्र होतं. ती त्याच्या इमारतीचा नंबर बघत होती, निदान त्याला तसं वाटलं. मग तिनं त्याच्याकडे बघितलं.

त्याच्या पुढे काय झालं ते श्रीरंगला नंतर पुष्कळदा आठवावं लागलं. त्याचा हात खिशातून बाहेर आला होता आणि मुठीत पेनड्राइव्ह होता. एवढ्या घाबरगुंडीतही त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की पेनड्राइव्हचं प्लास्टिक पारदर्शक आहे, तेव्हा पांढऱ्या काचेची टाकी. त्यानं तो पांढऱ्या काचेच्या भोकात सोडला. आत बाटल्यांवर तो दोनदा खणखणला आणि खाली कुठेतरी गेला.

गणवेशातली माणसं जवळ आली. बाईनं गुटन टाग म्हटलं, शेजारच्या लाल गाडीची काच बघितली, पार्किंगची चिठ्ठी दिसेना म्हणून यंत्रात काहीतरी टिपलं, वायपरखाली पावती खोचली आणि दोघं पुढच्या गाडीकडे गेली.

श्रीरंग तिथंच उभा राहिला. त्यानं भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि अडकला. हाताला काही लागलं नाही. टाकीला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी महापालिकेचा फोन नंबर. त्यानं तो लावला. पलीकडून एका सुस्त आवाजानं विचारलं, आपलं नाव आणि पत्ता? जन्मात पहिल्यांदा श्रीरंग पेठकरला आपलं नाव आणि पत्ता सांगता आला नाही. त्यानं फोन ठेवून दिला. रात्री येऊ, तार वाकवून आकडा करू, विजेरी आणू, असं काहीबाही ठरवत तो घरी आला आणि खिडकीशी बसला.

तीन वाजता ट्रक आला. दर मंगळवारी येतो तसाच. क्रेननं पांढरी टाकी उचलली, तिचं बूड उघडलं, आणि ज्या आवाजानं श्रीरंग दर आठवड्याला वैतागायचा तो आवाज सगळ्या गल्लीत भरला. ट्रक निघून गेल्यावरही तो कान दाबून बसला होता. प्रोग्रॅम त्याचा होता, तो पुन्हा लिहिता आला असता. वाक्यं त्याची नव्हती. चारशेंपैकी त्याला स्वतःला किती आठवतात, हे तो बोटांवर मोजायला लागला आणि एकोणतिसावर थांबला.

चारला किल्ली वाजली, दार साखळीला अडकलं. उल्कानं फटीतून विचारलं की हे काय नवीन. त्यानं साखळी काढली. ओल्या केसांची स्वानंदी त्याच्या कमरेखालून आत शिरली आणि बूटसुद्धा न काढता खिडकीकडे गेली. उल्का स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली, आणि डाळीच्या डब्याखालून बाहेर आलेला पिवळा कोपरा तिला दिसायला काहीच वेळ लागला नाही.

"हे उघडलं का नाहीस?"

"नको उघडूस," श्रीरंग म्हणाला. "उघडलं की मिळाल्यासारखं होतं."

उल्कानं त्याच्याकडे नीट बघितलं. "अरे, पोस्टमननं वर तारीख घातलीय. तू उघड नाहीतर उशाशी घेऊन झोप, ते आजच मिळालंय." आणि तिनं अंगठ्यानं पाकीट फाडलं.

ती वाचत होती तेवढा वेळ श्रीरंग भिंतीला टेकून उभा होता. पलीकडच्या खोलीत कन्सोल उघडल्याचा टक असा आवाज झाला. मग काहीच नाही.

"त्सोयगे," उल्का म्हणाली. "साक्षीदार आहेस तू. एप्रिलमध्ये चौकात त्या सायकलवाल्या बाईला व्हॅननं उडवलं होतं ना, त्याची केस. जानेवारीत जायचंय." तिनं कागद उलटून बघितला आणि तिला हसू आलं. "पोलिसांना नाव-पत्ता द्यायला तूच तर धावला होतास. मी म्हणत होते चल, ट्रॅम जाईल."

श्रीरंगच्या चेहऱ्याकडे बघता बघता उल्काचं हसू ओसरलं. तिनं विचारलं, काय केलंस? त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि शब्द तिथंच अडकले. तेवढ्यात स्वानंदी दारात आली.

तिच्या हातात उघडलेलं कन्सोल होतं. तिनं ते बापापुढे धरलं, त्याचं बोट आपल्या मुठीत पकडलं आणि पाटीचं चित्र असायचं त्या जागेवर टेकवलं. कोरा पडदा गोड आवाजात किणकिणला. तिनं पुन्हा टेकवलं. तिसऱ्यांदा जरा जोरात. मग तिनं वर आईकडे बघितलं, पुन्हा बापाकडे बघितलं. रडली नाही. रडेल, असं त्यानं धरलं होतं.

"बॅकअप असेल ना," उल्का हळू आवाजात म्हणाली. "तू तर सगळ्याचे तीन-तीन ठेवतोस. श्रीरंग, बॅकअप आहे ना?"

स्वानंदीनं कन्सोल मिटलं आणि त्याच्या हातात ठेवलं, दुसऱ्याची वस्तू परत द्यावी तसं. मग तिला काहीतरी सुचलं. बाबा कधी कधी चॉकलेट लपवतो आणि शोधायला लावतो, तसलाच हा खेळ असणार. तिचा चेहरा जरा उजळला. तिनं त्याच्या पँटच्या उजव्या खिशात हात घातला, तळापर्यंत चाचपलं, अस्तर बाहेर ओढून बघितलं. श्रीरंग हात वर धरून मुकाट उभा राहिला.

मग तिनं डाव्या खिशात हात घातला.